घरच्या फोटोंतून स्वतःचा चेहरा: फोटो मोझेक बनवण्याची सविस्तर रीत

फोटो मोझेक म्हणजे शेकडो लहान फोटो चौकोनांत मांडून त्यांतून उभं केलेलं एक मोठं चित्र. ते बनवून देणारं सॉफ्टवेअर काही मिनिटांत चित्र तयार करतं. स्वतःचा एक मोठा फोटो द्या, लहान फोटोंचं फोल्डर दाखवा, बटण दाबा, झालं. तरीही अशा घाईत बनलेली बरीचशी मोझेक भिंतीवर लावण्याजोगी नसतात. कधी लांबून चेहराच ओळखू येत नाही. कधी चेहरा छान उमटतो, पण जवळ गेल्यावर चौकोनांत नुसते रंगांचे डाग दिसतात. लहान फोटो डोंगर-फुलांचे असते तर हे चाललं असतं. घरच्या माणसांचे असतील तर चालत नाही, कारण जवळ येणारा प्रत्येक जण आपला आणि आपल्या माणसांचा चेहरा शोधायलाच जवळ आलेला असतो.

म्हणून या लेखात सॉफ्टवेअरला थोडी जागा दिली आहे आणि त्याआधीच्या तयारीला जास्त. स्वतःचा फोटो कसा निवडायचा, लहान फोटो कसे कापायचे आणि त्यांतल्या उजेड-अंधाराचा हिशोब कसा जुळवायचा, या तीन गोष्टी जमल्या की बाकीचं काम सोपं आहे.

डोळ्याला चेहरा दिसतो कशामुळे

1973 साली बेल लॅबोरेटरीजमधल्या लिऑन हार्मन यांनी चेहरे ओळखण्याविषयीच्या एका लेखात अब्राहम लिंकन यांचं ठोकळ्यांचं चित्र छापलं होतं. मोजकेच चौकोन आणि प्रत्येकात करड्या रंगाची एकच सपाट छटा. जवळून पाहिलं तर काही बोध होत नाही. लांब गेलं किंवा डोळे किलकिले केले की लिंकन समोर उभे राहतात. पुढे 1990च्या दशकात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रॉबर्ट सिल्व्हर्स यांनी अशा प्रत्येक चौकोनाच्या जागी जुळणारा फोटो संगणकाकडून निवडून घेण्याची पद्धत विकसित केली आणि फोटो मोझेक लोकप्रिय झालं.

यातून आपल्या कामाचं एक सूत्र मिळतं. चेहरा ओळखायला बारीक तपशील लागत नाहीत. उजळ भाग कुठे आणि गडद भाग कुठे, एवढं बरोबर असलं तर पुरतं. रंग थोडे इकडेतिकडे झाले तरी चेहरा टिकतो. उजळपणा चुकला तर कोसळतो.

आधी माप, मग बाकी सगळं

छापील चित्र किती मोठं हवं हे पहिल्यांदा ठरवा, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरून निघतात. मी 24 × 30 इंच हे माप सुचवेन. चांगल्या छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरले तर चित्र 7200 × 9000 पिक्सेलचं होतं. प्रत्येक चौकोन अर्ध्या इंचाचा, म्हणजे 150 पिक्सेलचा ठेवला की आडवे 48 आणि उभे 60, असे एकूण 2880 चौकोन बसतात. अर्ध्या इंचात एक चेहरा स्पष्ट दिसतो आणि 48 चौकोनांच्या रुंदीत तुमचा चेहराही नीट उमटतो.

जागा कमी असेल तर ए-3 कागदावर 100 पिक्सेलचे चौकोन घेऊन 35 × 49, म्हणजे 1715 चौकोन होतील. पण तिथे एक चौकोन जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा असतो. त्यापेक्षा बारीक जाऊ नका. माणसं ओळखू येणं बंद होतं.

पुढची उदाहरणं 48 × 60 याच मापाची आहेत.

स्वतःचा फोटो

आपल्याला आवडणारा फोटो आणि मोझेकला चालणारा फोटो एकच असेल असं नाही. समोरून फ्लॅश मारलेला, सगळीकडे सारखा उजेड असलेला चेहरा मोझेकमध्ये सपाट पडतो. खिडकीजवळ असं उभं राहा की उजेड एका बाजूने येईल, नाकाची सावली गालावर पडेल आणि जबड्याची कड मानेपासून वेगळी दिसेल. हात लांब करून पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढू नका, इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. फोन दीड-दोन मीटरवर टेकवून ठेवा आणि टायमर लावून मागच्या कॅमेऱ्याने काढा.

चेहऱ्याने चौकट भरली पाहिजे. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी असते. चेहरा 35 चौकोन रुंद असेल तर एका डोळ्याला 7 चौकोन मिळतात, आणि तेवढ्यात बुबुळ व पांढरा भाग वेगळे दाखवता येतात. खांद्यापर्यंतचा फोटो घेऊन चेहरा 15 चौकोनांत बसवला तर डोळ्याला तीनच मिळतील आणि नजर हरवेल. चष्म्याची बारीक तारेची फ्रेम चौकोनापेक्षा अरुंद असल्यामुळे नाहीशी होते. जाड काळी फ्रेम मात्र फार छान उमटते.

मागची भिंत पांढरीशुभ्र नको. घरच्या संग्रहात जवळजवळ पांढरे फोटो फार थोडे असतात आणि असे असतील नसतील ते सगळे भिंत भरण्यात खर्ची पडतात. करडी, मातकट किंवा फिकट निळी, मधल्या छटेची भिंत बरी.

आता परीक्षा घ्या. जिंप हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, फोटो 4:5 या प्रमाणात कापा आणि 48 × 60 पिक्सेलचा करा. मग इंटरपोलेशन (वाढवताना पिक्सेल एकमेकांत मिसळून गुळगुळीत करण्याची सोय) बंद ठेवून तो दहापट वाढवा, म्हणजे ठोकळे स्पष्ट दिसतील. स्क्रीनपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून तुम्ही ओळखू आलात तर फोटो पास. नाही आलात तर कोणतंही सॉफ्टवेअर वाचवू शकणार नाही, दुसरा फोटो घ्या. ही लहान 48 × 60 ची प्रत वेगळी जपून ठेवा, पुढे तिचं मोठं काम आहे.

फोटो गोळा करणं

अल्बममधले जुने फोटो स्कॅन करताना मोझेकपुरते इंचाला 300 पिक्सेल पुष्कळ झाले. तरी मी 600 वर करा असं सांगेन. अल्बम एकदा बाहेर निघालाच आहे, तर घरासाठी चांगली प्रत होऊन जाऊ दे. शिवाय गर्दीच्या फोटोतून एकच चेहरा कापताना जास्तीचे पिक्सेल उपयोगी पडतात. स्कॅनरची काच आणि फोटो मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा. फोटो अल्बमच्या पानाला चिकटला असेल तर ओढून काढू नका. पान सपाट ठेवून वरून फोनने फोटो काढा, फ्लॅश बंद आणि उजेड बाजूने.

जुने रंगीत फोटो पुष्कळदा लालसर झालेले असतात, कारण त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. ते सगळे दुरुस्त करत बसू नका. थोडे लालसर राहिले तर ओठ, कान, गाल यांच्यासाठी कामी येतात. कृष्णधवल फोटो तर हवेच. केस, भुवया आणि सावल्यांमध्ये ते सुंदर मिसळतात.

नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आकाराने कमी झालेले असले तरी 150 पिक्सेलच्या चौकोनासाठी पुरतात. अडचण वेगळीच असते: एकच फोटो पाच जणांकडून येतो. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर सारखे फोटो शोधून देतं, त्यातून गाळणी करून घ्या. आयफोनमधले एचईआयसी फोटो जेपेगमध्ये बदला. आणि जे फोटो स्क्रीनवर आडवे दिसतात ते फिरवून पुन्हा सेव्ह करा. फोनने फोटोची दिशा फक्त फाइलमधल्या नोंदीत लिहिलेली असते, आणि सॉफ्टवेअरने ती नोंद वाचली नाही तर माणसं आडवी पडलेली छापली जातात.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर करा. ज्यांचे फोटो वापरणार त्यांना तसं सांगा, लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांना विचारा. कुणाला नको असेल तर का, हे न विचारता फोटो बाजूला ठेवा. घरात काही नाती तुटलेली असतात, काही मृत्यू अजून ताजे असतात. भिंतीवर लागल्यावर कळण्यापेक्षा आधी बोलणं केव्हाही चांगलं. याच कारणासाठी सगळा संग्रह कुठल्या तरी वेबसाइटवर चढवण्यापेक्षा स्वतःच्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

कापणं: सगळं काम इथे आहे

एखादा गच्चीवरचा जुना फोटो घ्या. तीन रांगांत चौदा माणसं, मागे आकाश, दुपारचं ऊन. हा फोटो आहे तसा अर्ध्या इंचात बसवला तर प्रत्येक चेहऱ्याला चिमूटभर पिक्सेल येतात आणि सगळ्याची सरासरी एक मळकट छटा होते. कुणीच दिसत नाही, आणि असे शंभर फोटो दिले तरी शंभरांची सरासरी जवळपास तीच.

आता तोच फोटो कापून बघा. पहिल्या रांगेतल्या आजीचा चेहरा, चौकोनाचा दोन तृतीयांश भाग भरेल इतका जवळून: गव्हाळ, मधली छटा. तिच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या खांद्यावर ठेवलेला आजीचा हात: थोडी उजळ छटा. कॅमेऱ्याकडे पाठ फिरवलेल्या पोराचे केस आणि कान: अगदी गडद. मागच्या रांगेत उंच काकांचं डोकं आणि वर भरपूर आकाश: अगदी उजळ. हसताना मान वळवलेली आत्या, अर्धा चेहरा सावलीत: डावीकडे उजळ, उजवीकडे गडद, म्हणजे नाकाच्या किंवा जबड्याच्या कडेला बसवायला नेमका. एका फोटोतून असे दहा-पंधरा चौकोन निघतात, प्रत्येकाची छटा वेगळी आणि प्रत्येकात माणूस ओळखू येतो. संग्रहात 200च चांगले फोटो असले तरी त्यांतून हजारभर तुकडे तयार होऊ शकतात.

कापताना कापलेला भाग निदान 150 पिक्सेलचा असावा, 300 असेल तर उत्तम. प्रत्येक तुकडा वेगळ्या नावाने सेव्ह करा. नावात माणूस आणि साल असलं तर पुढे फार सोय होते. मूळ फोटोंच्या फोल्डरला हात लावू नका.

आता ती 48 × 60 ची लहान प्रत बाहेर काढा. तिच्यातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे मोझेकमधला एक चौकोन. जिंपमध्ये तिची कृष्णधवल प्रत करून हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, उघडा. 0 (काळा) ते 255 (पांढरा) या पट्ट्याचे पाच भाग पाडा: 0 ते 50, 51 ते 101, 102 ते 152, 153 ते 203 आणि 204 ते 255. एकेक भाग निवडला की त्यात किती पिक्सेल आहेत तो आकडा तिथेच दिसतो. म्हणजे किती गडद आणि किती उजळ चौकोन लागणार, याची नेमकी मागणी तुमच्या हातात आली.

तुकड्यांचेही असेच पाच फोल्डर करा. नजरेने वाटणी केली तरी चालते. शंका आली तर तो तुकडा 1 × 1 पिक्सेलचा करून बघा, त्याची सरासरी छटा लगेच कळते. मग मागणी आणि पुरवठा शेजारी शेजारी लिहा. सर्वांत गडद भागात 600 चौकोन लागतात आणि तुमच्याकडे 40 तुकडे आहेत, म्हणजे प्रत्येकाला 15 वेळा यावं लागेल. केसांच्या जागी ते डोळ्याला नक्की टोचेल.

अशी तूट जवळजवळ प्रत्येकाला दोन्ही टोकांना येते. गडद तुकडे रात्रीच्या फोटोंत, उजेडाविरुद्ध उभ्या असलेल्या माणसांत, काळ्या पडद्यासमोर काढलेल्या जुन्या स्टुडिओच्या फोटोंत आणि जवळून कापलेल्या केसांत सापडतात. उजळ तुकड्यांसाठी पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ, आकाश, पांढऱ्या कपड्यातला खांदा बघा. माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे जुनी पत्रं. आजोबांच्या अक्षरातल्या दोन ओळी स्कॅन करून कापल्या की फिकट पिवळसर, कपाळावरच्या उजेडाला शोभणारा चौकोन मिळतो, आणि तिथे त्यांचा चेहरा नसूनही ते असतात. पत्रातला खाजगी मजकूर तेवढा वाचून घ्या.

इतकं करूनही तूट राहिली तर आपल्या मोठ्या फोटोचा पल्ला आवळा. जिंपच्या लेव्हल्स या सोयीत आउटपुटची खालची मर्यादा 0 वरून 40 वर आणि वरची 255 वरून 225 वर आणा. फोटो थोडा फिका दिसेल, पण सॉफ्टवेअरला अशक्य ते मागितलं जाणार नाही.

सॉफ्टवेअर चालवताना

अँड्रियामोझेक मोफत आहे आणि आपल्या संगणकावरच चालतं. दुसरं कोणतंही घेतलंत तरी पुढच्या सोयी त्यात आहेत का ते बघा. एक तुकडा जास्तीत जास्त किती वेळा यावा ही मर्यादा. एकाच तुकड्याच्या दोन वापरांत किमान अंतर. मी 6 चौकोन ठेवते. रंगबदलाची टक्केवारी, म्हणजे तुकड्याचा रंग जागेनुसार किती ओढायचा. सुरुवात 10 पासून करा.

तुकडे उलटे फिरवण्याची किंवा आरशासारखे पलटण्याची सोय बंद ठेवा. त्याने तुकड्यांची संख्या दुप्पट होते हे खरं, पण फोटोतली अक्षरं उलटतात आणि ओळखीचा चेहराही परका वाटतो. पत्रांच्या तुकड्यांचं तर काहीच उरत नाही.

पायथॉन येणाऱ्यांनी स्वतःचा प्रोग्राम जरूर लिहावा, हाताळायला मोकळीक मिळते. पिलो लायब्ररीने तुकडे वाचा, रंग लॅब (उजळपणा आणि रंग वेगवेगळे मोजणाऱ्या) पद्धतीत बदला, कारण त्यातलं अंतर डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाच्या जवळ असतं. प्रत्येक चौकोनाची एकच सरासरी न घेता त्याचे 3 × 3 भाग करून नऊ सरासऱ्या जुळवा, म्हणजे ती अर्ध्या सावलीतली आत्या बरोबर कडेवर जाऊन बसते. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून क्रमाने भरत जाऊ नका. तसं केलं तर चांगले तुकडे भिंत आणि केसांतच संपतात. आधी डोळे, मग नाक आणि ओठ, मग चेहऱ्याची कड आणि शेवटी पार्श्वभूमी असा क्रम ठेवा. किंवा सायपायमधलं वाटपाचं फंक्शन वापरून सगळ्या चौकोनांना एकदम सर्वोत्तम वाटप करून घ्या. 2880 चौकोनांचं गणित साध्या संगणकालाही झेपतं.

हाताने शेवटची मांडणी

सॉफ्टवेअरला माणसं कळत नाहीत, छटा कळतात. तयार चित्र जिंपमध्ये उघडून 150 पिक्सेलची जाळी लावा आणि चौकोन त्या जाळीला चिकटतील अशी सोय चालू करा. मग चेहऱ्याचा भाग पूर्ण मोठा करून शांतपणे फिरा. नाकपुडीच्या जागी किंवा केसांच्या अंधारात एखाद्या जवळच्या माणसाचा एकमेव फोटो गेला असेल तर त्याच छटेच्या दुसऱ्या तुकड्याशी अदलाबदल करा. डोळ्यांच्या आसपास कोण असावं, हे स्वतः ठरवा. ज्याच्यासारखे आपले डोळे आहेत असं घरात सगळे म्हणतात, त्याला तिथे जागा द्यावी, असं मला वाटतं. अदलाबदल करताना छटा सांभाळा. बुबुळातला एक चौकोन उजळ झाला तरी नजर बदलते.

यानंतर मूळ फोटो वरच्या लेयरवर ठेवून ओपॅसिटी (अपारदर्शकता) 10 ते 15 टक्के ठेवा, सॉफ्ट लाइट मोडमध्ये. त्याने ओठांची आणि पापण्यांची रेषा थोडी स्पष्ट होते. तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत नेलं की लांबून चित्र फार सुरेख दिसतं, पण प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर तुमच्या गालाचा रंग चढतो. मग ते मोझेक राहत नाही.

छपाई आणि जागा

पूर्ण चित्र छापण्याआधी एका डोळ्यासह 8 × 10 इंचांचा भाग खऱ्या मापात छापून घ्या. स्क्रीनवर उजळ दिसणारे गडद चौकोन कागदावर काळेठिक्कर पडतात. तसं झालं तर गडद भाग किंचित उचलून पुन्हा नमुना काढा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत आणि जेपेगच्या सर्वोच्च दर्जावर सेव्ह करा, आणि छापणाऱ्याला स्पष्ट सांगा की रंगांची आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, माप वाढवू-घटवू नका. कागद मॅटच घ्या. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडली की निम्मा चेहरा जातो.

हे चित्र लावायला अशी भिंत हवी की समोर तीन-चार मीटर मोकळे असतील आणि जवळही जाता येईल. अरुंद बोळात लावलं तर चेहरा कधी दिसणारच नाही. सोफ्याच्या मागे लावलं तर माणसं दिसणार नाहीत. थेट ऊन येणारी जागा टाळा.

शेवटी एक सूची बनवा. चौकोनांच्या रांगांना 1 ते 60 आणि स्तंभांना 1 ते 48 असे क्रमांक देऊन कोणता तुकडा कुठे आहे ते स्प्रेडशीटमध्ये उतरवा. स्वतःच्या प्रोग्राममध्ये ही यादी आपोआप निघते; नाहीतर निदान घरातल्या प्रत्येकाच्या दोन-तीन जागा हाताने टिपून ठेवा. तिची छापील प्रत चौकटीच्या मागे चिकटवा आणि मूळ स्कॅन, कापलेले तुकडे, पूर्ण मापाची फाइल असं सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.